काट्यावर

शोरहॅमच्या धक्क्यावर माझं काम वजनाचं.
भरलेला ट्रक काट्यावर येतो, मी आकडा घेते,
रिकाम्या ट्रकाचा वजा करते, पावती फाडते.
उरलं ते समुद्राचं.

समुद्राचं म्हणजे तसं मुकुटाचं.
इथे पाण्याखालची जमीनसुद्धा
कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे.
टनामागे काही पेन्स त्या खात्यात जातात,
आणि महिनाअखेरीला मी ते जुळवते
दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत.

चिपळूणच्या खाडीत माणसं बुडी मारून रेती काढायची.
छातीत एक श्वास, हातात एक बादली.
भाव ब्रासचा असे; श्वास हिशेबात धरत नसत.
इथे ‘रोझमंड’ आहे, पाच हजार टनांची,
नळी तळाला टेकवते आणि पाणी, गोटे, शिंपले
सगळंच ओढून घेते, हवं ते ठेवते,
नको ते कडेवरून परत ओतते. मागे गढूळ शेपूट.
भरतीला नदीच्या तोंडातून आत यायचं,
ओहोटीआधी पोट रिकामं करून बाहेर पडायचं,
चुकलं तर चिखलात बारा तास बसून भाडं भरायचं.
कॅप्टन पेलिंग चहा ढवळत म्हणतो,
वाळू फुकटच आहे गं, आपण विकतो ती वेळ.

आणि रस्ता. तीस मैलांपुढे
वाळूपेक्षा डिझेल महाग पडतं,
म्हणून आमचा समुद्र तीस मैलांच्या आतच संपतो:
ब्रायटनचे जिने, क्रॉलीच्या शाळेचा पाया,
हॉर्शमला तीन मजली कार पार्क.
कुणी तिथे खारा वास घेत नाही. धुऊनच देतो आम्ही.

वाळू ओली येते. पाण्याचे पाच टक्के वजा, असा नियम.
गिऱ्हाइकाने पाण्याचे पैसे का द्यावेत?
त्या पाच टक्क्यांवरून गेल्या मार्चमध्ये
एका काँक्रीटवाल्याशी मी तासभर भांडले.
दोघंही बरोबर होतो.

डॉरिन अकहर्स्ट महिन्यातून एकदा येते,
किनाऱ्यावरच्या पश्चिमेकडच्या एका गावातून, दोन बस बदलून.
तिच्या दाराखालच्या जिन्याची शेवटची पायरी
पूर्वी गोट्यांत रुतलेली असायची.
आता ती हवेत आहे. खाली उडी मारावी लागते,
आणि डॉरिन चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

कंपनीचा अहवाल एकशे चाळीस पानांचा.
उत्खननाशी संबंध आढळला नाही.
मी तो वाचलाय, जेवणाच्या सुट्टीत, नकाशांसकट.
चूक काही सापडली नाही.
बरोबर आहे असंही तिच्यासमोर म्हणवलं नाही.
कौन्सिलने किनारा पुन्हा भरायला भाव मागवले.
सगळ्यांत स्वस्त आमचाच आला.

काल ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली,
आत किनाऱ्यावरचे गोटे. म्हणाली, मोज.
ट्रक नव्हता. मी डबा काट्यावर ठेवला.
शून्य.
हा काटा वीस-वीस किलोंनी चालतो, मी सांगितलं,
त्याहून कमी त्याला दिसत नाही.
तिने थोडा वेळ शून्याकडे पाहिलं,
मग डबा उचलून, छातीशी धरून,
स्वतःच काट्यावर चढली.
साठ.

यातले गोटे किती, मी किती?
डबा रिकामा करून परत चढ, म्हणायला हवं होतं,
तीच तर माझी नोकरी.
मी पावती छापली.
माल: रिकामं. गिऱ्हाईक: रिकामं.
ओलाव्याच्या रकान्यात मशीनने
सवयीने पाच टक्के वजा केले.
निव्वळ सत्तावन्न.

तिने पावतीची घडी घालून डब्यात ठेवली.
मागे हॉर्न वाजला. क्रॉलीचा, सकाळपासून चौथा.